कांचनगड की जांभूळगड

लोणारला माझं सायकलींचं दुकान आहे. "सेनापती, पंप देता का?" असं कोणी बाहेरून ओरडलं की नवखं गिऱ्हाईक मान वळवून बघतं. सेनापती म्हणजे मी. पोटरीपर्यंत दुमडलेली पँट, हातात पाना, कपाळाला काळं लागलेलं. माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "ह्याहिनं दोन राज्यं बुडवली, पन चुलीवरचं दूध उतू जाऊन राह्यलं ते ह्याहिले दिसत नाई." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

घरात गोष्टी सांगण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडं आहे. पुतणे-पुतण्या जमल्या की फर्माईश होते आणि मी हातातलं काम टाकून सुरू होतो. त्यापायी पुष्कळांच्या सायकली दुकानात उघड्या पोटानं पडून राहिल्या आहेत. "तुमच्या धंद्यातलं काही लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुधा सायकलीच असाव्यात. पण सायकलीच्या धंद्यात लिहिण्यासारखं एवढंच, की लोक पंप नेतात आणि परत आणत नाहीत. म्हणून त्याआधीच्या धंद्याबद्दल लिहितो. त्या धंद्यात माझं काम होतं बाजू निवडण्याचं. लोकांदेखत, भर दुपारी, पत्र्याचा मुकुट घालून.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. सभापती, सोसायटी, पंचायत समिती हे शब्द गावोगाव नुकतेच पोचले होते आणि नव्या जोड्यासारखे सगळ्यांना चावत होते. त्या वर्षांत आमची एक नाटकमंडळी बुलडाणा जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांतून हिंडत असे. मालक नूर उस्ताद. मूळचा धंदा कल्हईचा आणि पत्र्याचे डबे-चिमण्या करायचा. घासलेटच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून त्यांनी हौसेनं मुकुट केले, मग तलवारी केल्या, मग ढाली. एवढं सामान तयार झालं आहे तर आता नाटक करून टाकू, असा त्यांचा हिशेब. नाटकही त्यांनीच रचलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून तोंडानं सांगितलं आणि आम्ही ऐकून पाठ केलं.

आमचे खेळ दुपारी व्हायचे. गॅसबत्त्यांची ऐपत नव्हती. वरती ताडपत्री बांधली की झालं थेटर. बाजार उठला की माणसं पिशव्या-गाठोडी घेऊन तशीच येऊन बसत. दुपारच्या खेळात एक गंमत असते. रात्री नटाला समोर नुसता अंधार दिसतो. दुपारी ते जितके आम्हाला बघत, तितकेच आम्ही त्यांना बघत असू. कोण पेंगतंय, कोण कोणाच्या शेजारी बसायचं टाळतंय, सगळं लख्ख.

नाटकात दोन राज्यं होती. कांचनगडच्या राजानं ज्याच्याकडं रागानं पाहिलं त्याच्या हातातलं लोखंड वितळून जायचं. जांभूळगड तळ्याच्या तळाशी, आणि तिथली पऱ्यांची राणी माणसांच्या सावल्या मडक्यांत कोंडून ठेवायची. मी झालो विक्रांत सेनापती. जन्म कांचनगडचा, लहानपणी तळ्यात पडलो आणि वाढलो जांभूळगडात. रक्त एका राज्याचं, अन्न दुसऱ्याचं. तिसऱ्या अंकात दोन्ही राज्यांत लढाई ठरायची, आणि डाव्या बाजूला कांचनगडचं निशाण, उजव्या बाजूला जांभूळगडचं, मधे एका उपड्या खोक्यावर मी. कोणाच्या बाजूनं लढू?

निशाणांचे रंग उस्तादांनी फार विचारानं घेतले होते. भगवा, हिरवा, निळा, लाल, प्रत्येक रंगाला कोणी ना कोणी मालक होताच. बिनमालकाचे दोनच सापडले, पिवळा आणि जांभळा. कांचनगड पिवळं, जांभूळगड जांभळं. "यात कोनी भांडन काढून दाखवावं!" असं उस्ताद छातीवर हात ठेवून म्हणत. त्यांना माणसांची पुरती ओळख नव्हती.

खरी करामत पुढं होती. आमच्या नाटकाला चौथे अंक दोन होते. मी पिवळं निशाण उचललं तर राणी मरायची, जांभळं उचललं तर राजा. दवंडीच अशी असायची, "सेनापती कोनाचा? त्याले सोताले मालूम नाई! आज आपल्या डोळ्यानं पाहा!" लोक एका गावी पिवळं बघून दुसऱ्या बाजारी जांभळं बघायला येत. राणीचं काम करणारा किसन, एरवीचा न्हावी, रोज विचारायचा, "नामदेवभाऊ, आज मी मरतो का जगतो? मरत असीन तं आधी जेवून घेतो." कारण राणी मेली की तिला शेवटपर्यंत पडून राहावं लागे, आणि राणी जगली तर भाषण मोठं होतं.

आता धंद्यातलं गुपित सांगून टाकतो; आता त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. सेनापतीला स्वतःला माहीत नाही हे खरं होतं, पण उस्तादांना माहीत असायचं. खेळाआधी ते हातोडा मागायच्या, बाज मागायच्या निमित्तानं गावातून एक फेरी मारत आणि गावाचा कल बघून येत. मग तिसऱ्या अंकात मी "पाणी! घसा कोरडा पडला!" म्हणायचो आणि शिपाई पाणी आणायचा. पितळेचा लोटा आला तर कांचनगड. मातीचं बोळकं आलं तर जांभूळगड. पाणी पिऊन मी डोळे मिटायचो, थरथरायचो, एक पाऊल इकडं, एक तिकडं. लोकांचे श्वास अडकत. बढाई वाटेल, पण बाजू ठरलेली असूनही ती आत्ता ठरते आहे असं दाखवणं हे सोपं काम नव्हे. मला ते येत होतं. सायकलीचं चाक सरळ करण्याखेरीज आयुष्यात मला चांगलं आलेलं तेवढंच.

गिऱ्हाइकं एकेक भेटत. इथंच लोणारला एकदा खेळ झाल्यावर एक म्हातारी भाकरी घेऊन मागं आली. त्या दिवशी मी कांचनगडला गेलो होतो. म्हणाली, "बापू, तू तं निघून आला, पन तुही सावली राहिली ना तिच्या मडक्यात?" मी म्हटलं, "सोडली आजी तिनं." म्हातारीनं माझ्यामागं उन्हात वाकून नीट पाहिलं, सावली आहे याची खात्री केली, आणि मगच भाकरी हातावर ठेवली. पिंपळगाव राजा या गावी ऐन निवडीच्या वेळी एक बैलांचा व्यापारी उठून उभा राहिला आणि ओरडला, "अबे सेनापती, आंधळ्यावानी उभा काऊन हायेस? आधी दोघायचे दात पाह्य!" सगळं मैदान हसलं, राजा हसला, राणी हसली, आणि मी डोळे मिटून थरथरत होतो ते हसू दाबण्यासाठी.

आणखी एक गृहस्थ आठवतात. कापसाचे मापारी होते, अबोल, पांढरी टोपी. ते आमच्या मागोमाग तीन बाजार आले. तिसऱ्या खेळानंतर कनातीमागं येऊन म्हणाले, "तिन्ही वेळा पाह्यलं. तुम्ही बाजू बदलली, पन रडनं तेच."

मी म्हटलं, "काका, रडणं पाठ आहे."

"आन बाजू?"

मी तोंडाचा रंग पुसत राहिलो. ते "बरं बरं," म्हणाले आणि गेले. चौथ्या बाजाराला आले नाहीत.

आता ज्या गावासाठी हे लिहायला घेतलं ते गाव. नाव सांगत नाही, डोणगावच्या अलीकडं आहे एवढं पुरे. माणसं अजून आहेत आणि त्यातली काही माझ्या नात्यातली आहेत. माझी धाकटी बहीण वच्छी त्या गावात दिलेली.

गावात दोन पार्ट्या, वरली आळी आणि खालली आळी. आडनाव दोन्हीकडं एकच, चार पिढ्यांमागचा आजाही एकच. भांडण कशावरून लागलं ते दोन्ही आळ्यांना वेगवेगळं आठवायचं. विहिरी दोन, पार दोन. वरल्या आळीत पीठगिरणी आली तेव्हा खालल्या आळीच्या बायांनी कितीतरी महिने परगावाहून दळण आणलं, पण त्या गिरणीची पायरी चढल्या नाहीत. वरल्या आळीचे पुढारी आप्पाजी. शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. माझे जवाईबापू शेषराव, म्हणजे वच्छीचा नवरा, खालल्या आळीचे, आणि आवाजाच्या बाबतीत आप्पाजींची सगळी कसर ते भरून काढत.

आमची ताडपत्री आदल्याच बाजारी वाऱ्यानं फाटली होती. आप्पाजींनी कापसाच्या गाड्यांवर टाकायची आपली ताडपत्री दिली, खळ्याची जागा दिली, सकाळची जेवणं दिली. साहजिकच वरली आळी यजमानाच्या बाजूला, म्हणजे डावीकडं बसणार होती. डावीकडं पिवळं निशाण. खालली आळी मग उजवीकडं, जांभळ्याखाली. उस्तादांनी इतकं जपून निवडलेल्या रंगांना त्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधीच मालक मिळाले. "आपला कांचनगड" आणि "आपला जांभूळगड" असं पोरंटोरं बोलायला लागली होती.

मी खुंट्या ठोकत होतो तेव्हा वच्छी आली. पदराखाली भाकरी आणि ठेचा. आल्याबरोबर तिनं विचारलं, "भाऊ, तू आज कोनाकडं जाशीन?"

"उस्ताद सांगतीन तिकडं."

"म्हंजे तुले सोताले मालूम नसते हे खोटं?"

"खोटंच."

"मंग उस्तादले सांग, आज जांभळं घेऊ दे."

मला हसू आलं. म्हटलं, तुला काय करायचं आहे गं सावल्या कोंडणाऱ्या बाईचं? ती हसली नाही. शेषरावांनी आदल्या दिवशी हॉटेलात चारचौघांत सांगितलं होतं, "सेनापती माहा साळा हाय. तो आपल्या जांभूळगडाकडंच येईन. नाई आला तं वरल्या विहिरीचं पानी डोक्यावर घागर घेऊन मी भर गावातून आनीन!" आणि त्यावर वरल्या आळीतल्या कोणीतरी म्हटलं होतं, "घागर घासून ठेवा."

"आनीन तं आनीन एक घागर," मी म्हटलं. "त्यात काय?"

"ते नाई आननार. अन ते मले सुखानं राहू बी नाई देनार. काल त्याहिनं मले सांग्तलं, तुहा भाऊ तिकडं गेला तं या घरातून माहेराची वाट बंद. आईले सांगून ठेव म्हने."

"रागात बोलले असतीन गं."

"रागात बोलते तवा ओरडते ना ते. काल जेवता जेवता सांग्तलं. भाजी वाढ म्हने, अन हे सांग्तलं."

आमचे वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. आईला दमा, घरापासून देवळापर्यंत चालतानाही तिला दोनदा बसावं लागायचं. लेकीच्या गावी जाणं तिच्यानं होत नव्हतं. वच्छी दिवाळीला आणि आषाढातल्या आखाडीच्या सणाला येई, आणि आईचं वर्ष त्या दोन खुंट्यांना बांधलेलं होतं. मी वच्छीला म्हटलं, "बघतो." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा म्हटलं, "करतो."

उस्ताद मुकुटाला कल्हई देत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ मुकुट घासत राहिले. मग म्हणाले, "बेटा, जागा त्याहिची, ताडपत्री त्याहिची, रांजनातलं पानी त्याहिचं. आपल्यापाशी काय हाय? पत्र्याच्या तलवारी. पुढच्या चारी बाजारात आप्पाजीचे सोयरे बसेल हायेत. मी जबान दिली, आज पिवळं."

"उस्ताद, माझ्या बहिणीचं माहेर आहे."

"मले बी बहीन हाय," ते म्हणाले. मुकुट उन्हात धरून पाहिला. "लोटा पितळेचाच येईन. पुढचं तू जान."

खेळ सुरू झाला. मैदान मधून भांग पाडल्यासारखं दोन भागांत बसलेलं. मधे बैलगाडी जाईल एवढी वाट, आणि त्या वाटेत कोणी मूल रांगत आलं तरी आई त्याला ओढून घ्यायची. आप्पाजी पुढं बाजेवर, पाय जमिनीला टेकवून, हात मांडीवर. शेषराव उजवीकडं उभेच होते. बसलं तर दिसणार नाही म्हणून. मागं बायांच्या गर्दीत वच्छी. तोंडावर पदर होता तरी मला ती लगेच सापडली, कारण बाकीच्या बाया राणीकडं बघत होत्या आणि ती माझ्या हाताकडं बघत होती.

"पाणी! घसा कोरडा पडला!"

पितळेचा लोटा आला.

मी पाणी प्यायलो. डोळे मिटले. त्या दिवशी थरथरायचं नाटक करावं लागलं नाही. एक पाऊल डावीकडं टाकलं तेव्हा वरली आळी गप्पच होती; त्यांना खात्रीच होती. मग मी वळलो, उरलेलं पाणी ओतून टाकलं आणि जांभळं निशाण उपटलं.

खालल्या आळीनं जो गलका केला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. पागोटी उडाली. शेषराव लहान पोरासारखे उड्या मारत होते आणि ओरडत होते, "माहा साळा! माहा साळा हाय तो!" वच्छीनं पदर तोंडात धरला होता. आप्पाजी उठले. धोतराची निरी सारखी केली आणि चालू लागले, आणि त्यांच्यामागं वरली आळी उठली. पोरंसुद्धा आवाज न करता उठली.

चौथा अंक आम्ही अर्ध्या मैदानापुढं केला. राजा मरून पडला होता आणि किसन राणीचं मोठं भाषण करत होता, तेवढ्यात आप्पाजींचे चार गडी आले. कोणाच्या अंगाला हात लावला नाही, कोणाला शिवी दिली नाही. त्यांनी चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या, ताडपत्री खाली घेतली, आमच्या डोळ्यांदेखत नीट घडी केली आणि खांद्यावर टाकून घेऊन गेले. ऊन एकदम अंगावर पडलं. किसनच्या तोंडावरचा सफेदा आणि मिशीवर फासलेला रंग घामानं ओघळायला लागला, आणि पऱ्यांची राणी बघता बघता न्हावी झाली. खालली आळी हसायला लागली. जिंकलेल्या बाजूचीच राणी होती ती, पण हसायला काय लागतं?

गावातून एक गाडी मिळाली नाही. वरल्या आळीनं दिली नाही हे समजलं. खालल्या आळीनंही दिली नाही. बैल थकले आहेत म्हणाले. दोन राज्यांचा सगळा संसार डोक्यावर घेऊन आम्ही डोणगावची वाट धरली. पुढच्या चारी बाजारी जागा नाही असा निरोप आला. उस्ताद मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नंतर कसाबसा एक खेळ मिळाला तेव्हा त्यांनी मुकुट किसनच्या भावाला दिला आणि मला म्हणाले, "तू घोडा कर." आमच्या नाटकात कांचनगडचा एक घोडा होता, दोन माणसांचा. पुढचे पाय आधीच कोणाकडं तरी होते. काही महिने मी मागचे पाय केले. घोंगडीखालून निवडीचा प्रसंग नुसता ऐकायला यायचा. किसनचा भाऊ लोटा हातात आल्या आल्याच डावीकडं झुकायचा, आणि लोक जांभया द्यायचे. वर्षभरात मंडळी बुडाली. उस्ताद परत डबे-चिमण्यांकडं गेले, मी सायकलींकडं आलो.

इथपर्यंतची गोष्ट मी एखाद्या वेळी हसत हसत सांगूही शकतो. माझं काम गेलं, पण वच्छीचं माहेर राहिलं, असा त्याचा अर्थ मी लावला होता, आणि तो मला परवडणारा होता.

त्याच वर्षी दिवाळीला मी तिला आणायला गेलो. शेषराव ओट्यावर बसले होते, कडक इस्त्रीची टोपी, पायांत नव्या वाहणा.

"या साळेसाहेब! बसा. अवो, च्या ठेवा!"

चहा आला. बशीत ओतता ओतता त्यांनी सहज सांगितलं, "आता आपन आप्पाजीच्या संगं हावो. सोसायटीवर घेतलं मले त्याहिनं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आन खालली आळी?"

"आळी कुठी जाते? तिथंच हाय. मी सरकलो." मग माझं तोंड बघून म्हणाले, "साळेसाहेब, माह्या वावराची वाट त्याहिच्या बांधावरून, धुऱ्यावरून जाते. किती वर्स वखर डोक्यावर घेऊन जाऊ? त्याहिनं बलावलं, च्या पाजला, म्हने जा आपल्या धुऱ्यावरून. झालं."

विक्रांत सेनापतीला बाजू ठरवायला अर्धा अंक लागायचा. आक्रोश, पावलं, पाणी. जवाईबापूंचं एका कपात आटपलं होतं, आणि त्यांना कोणी सावलीबद्दल विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, चांगलं झालं, भांडण मिटलं. वच्छी आतल्या दारात उभी होती, हातात भरलेली पिशवी. मी म्हटलं, "मग आम्ही निघतो. मेहकरहून गाडी गाठायची आहे."

शेषरावांनी बशी खाली ठेवली. "यंदा राहू द्या."

"काऊन?"

"आप्पाजी म्हनते, ज्यानं भर मैदानात माह्याकडं पाठ केली, त्याच्या घरी आपल्या मानसाचं जानं-येनं बरं दिसत नाई."

"आणि तुम्ही काय म्हटलं?"

"मी काय म्हननार? मी नवा हाव तिकडं."

"जवाईबापू," मी म्हटलं, "मी ती पाठ केली ती तुमच्यासाठी!"

"मले मालूम नाई का?" ते खरंच समजूतदारपणे म्हणाले. "म्हनून तं च्या पाजून राह्यलो. आप्पाजीले हे बी आवडनार नाई."

पुढं मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा उपयोगही झाला नाही. शेषराव ऐकत राहिले. एकदाही ओरडले नाहीत. वच्छीनं तिथंच, दारात, पिशवी सोडली. स्वतःची लुगडी एकेक बाजूला काढली. तळाशी आईसाठी घेतलेली एक मऊ चौकटीची शाल होती आणि अडुळशाच्या काढ्याची बाटली, बूच कापडानं बांधलेलं. तेवढं माझ्या हातात दिलं.

"आईले काय सांगू?" मी विचारलं.

"काही बी सांग. तुले सांगता येते."

तिचं माहेर त्यानंतर उघडलं ते आई गेली तेव्हा. तेराव्या दिवसाला येऊन गेली. आप्पाजींनी मोठ्या मनानं जा म्हटलं, असं शेषरावांनी आमच्याच अंगणात चारचौघांना सांगितलं. लोक म्हणाले, वा. आता आप्पाजीही नाहीत आणि सोसायटी शेषरावांच्या हातात आहे. खालली आळी पुन्हा त्यांच्या पाठीशी आहे म्हणतात. रस्त्यात भेटले तर ते हाक मारतात, "सेनापती, कसं काय?" मी ठीक म्हणतो. पंप मागितला तर देतो.

लोक मला विचारतात, पुन्हा तोच प्रसंग आला तर पिवळं घ्याल का जांभळं? मी म्हणतो, जांभळंच. त्या दुपारी तेच बरोबर होतं. माझ्या हातात एक निशाण होतं, आणि ते मी बघून उचललं. पुढं ज्यांनी आपली निशाणं न बघता बदलली त्यांना रंगमंच लागला नाही, मुकुट लागला नाही. नाटकात तरी दोनच चौथे अंक होते. उस्तादांना तिसरा सुचला नव्हता.

त्या दिवाळीच्या दिवशी मी एकटाच परत आलो. गाडी लोणारच्या स्टँडवर शिरली तेव्हा खिडकीतूनच दिसलं, आई बाकावर बसली होती. घरापासून स्टँडपर्यंत ती किती वेळा बसत आली असेल ते तिलाच ठाऊक. नवं लुगडं नेसली होती. मी उतरलो, माझ्यामागं आणखी काही माणसं उतरली, मग कंडक्टर उतरला. आई माझ्याकडं बघतच नव्हती. ती दाराकडं बघत होती.

"वच्छी?"

मी शाल तिच्या खांद्यावर टाकली. कितीएक गावांतल्या हजारो माणसांपुढं ज्या आवाजात मी वाटेल ते खरं करून दाखवलं होतं, त्याच आवाजात म्हणालो, "गर्दी होती गं गाडीला. मागच्या गाडीनं येते."

"एकटी?"

"जवाईबापू बसवून देतीन."

आईला पटलं. "मंग थांबू," ती म्हणाली. "घरी जाऊन पुन्हा येनं होनार नाई माह्यानं." तिनं मला बाकावर जागा करून दिली. मी बसलो. ऊन उतरत गेलं. भेळवाल्यानं हातगाडी आवरली. आई शालीच्या चौकटींवरून बोट फिरवत होती आणि अधूनमधून विचारत होती, वच्छी वाळली तर नाही ना. मी म्हणत होतो, नाही, चांगली आहे.

मग वळणावर मेहकरची गाडी दिसली. आईच्या आधी मीच उठून उभा राहिलो.